डिपोर्ट होऊन आलेल्यांपुढचे तीन रस्ते: पुन्हा अमेरिका, ब्रिटन की थांबणं?

गेल्या वर्षी एका ओळखीच्या घरी गेले होते. मुलगा डंकीने, म्हणजे एजंटच्या चोरवाटेने, अमेरिकेला गेला, सीमेवर पकडला गेला आणि परत पाठवला गेला. एजंटने पुन्हा फोन केला होता: "पॅकेजमध्ये दुसरा ट्राय फुकट आहे. अमेरिका नको तर लंडन करू. पकडलं तरी काय, विमानात बसवून परत पाठवतील." आईवडील ठरवायच्या बेतात होते. मी म्हटलं, आधी तिकडून दिलेले कागद दाखवा. ते कपाटात, साड्यांच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत होते. कुणी वाचलेच नव्हते.

त्यात 'आय-२९६' हा फॉर्म होता. मुलाचा फोटो, उजव्या तर्जनीचा ठसा, सही. वर चौकटी: ५ वर्षं, १० वर्षं, २० वर्षं, कायमचं. यांतल्या एकीत खूण केलेली असते. तेवढा काळ परवानगीशिवाय अमेरिकेत यायचं नाही. आणि आलात तर तो गुन्हा, त्याला २ ते २० वर्षांपर्यंत कैद, हेही त्याच कागदावर छापलेलं.

अशा घरांसाठी हे लिहिते आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानातल्या १०४ भारतीयांत महाराष्ट्राचे तिघे होते. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये निकाराग्वाला निघालेलं विमान फ्रान्समध्ये अडकलं आणि २७६ जणांना घेऊन मुंबईला परतलं. हा फक्त पंजाब-गुजरातचा प्रश्न राहिलेला नाही.

पुन्हा अमेरिका

एजंट जे सांगतो ते पहिल्या वेळेपुरतं निदान अर्धं खरं होतं. चोरून सीमा ओलांडणं हा तिथे १९२९ पासून गुन्हा आहे. आजच्या कायद्यातलं कलम १३२५, पहिल्या वेळी जास्तीत जास्त ६ महिने कैद. पण सीमेवर पकडलेल्या बहुतेकांना अनेक दशकं खटला न भरताच परत पाठवलं जाई. डिसेंबर २००५ मध्ये टेक्ससमधल्या डेल रिओ भागात 'ऑपरेशन स्ट्रीमलाइन', म्हणजे पकडलेल्यांवर सरसकट खटले भरायची मोहीम, सुरू झालं आणि चित्र पालटलं. ॲरिझोनातल्या टूसॉनच्या कोर्टात एकाच दिवशी ७० जणांपर्यंत उभे केले जात. हात, कंबर, पाय साखळदंडात, कानाला भाषांतराचे हेडफोन. वकिलाशी जेमतेम बोलणं, गुन्हा कबूल, त्याच दिवशी शिक्षा. हे वाचताना मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. माणूस स्वतःच्या आयुष्यावर शिक्का बसवून घेतो आणि आपण नेमकं काय कबूल केलं ते त्याला धड समजलेलंही नसतं.

पुढचा आलेख सारखा वरखाली होत गेला. २०१३ पर्यंत खटले वाढले, मग उतरले. एप्रिल २०१८ मध्ये 'झिरो टॉलरन्स' आलं: प्रत्येकावर खटला. आईबाप कोर्टात गेले की मुलं वेगळी काढली जात, आणि जगभर ओरड झाल्यावर जूनमध्ये ते थांबवावं लागलं. खटले मात्र वाढतच राहिले. ऑक्टोबर २०१८ ते सप्टेंबर २०१९ या वर्षात कलम १३२५ खाली ८० हजारांवर लोकांवर खटले भरले गेले. मार्च २०२० मध्ये कोविडच्या नावाखाली 'टायटल ४२' आलं. लोकांना खटल्याविना सीमेपार ढकलू लागले आणि खटल्यांचा आकडा धाडकन पडला. 'फार तर परत पाठवतील' हे वाक्य एजंटांच्या तोंडी त्या काळात चांगलंच बसलं असणार. ती सोय मे २०२३ मध्ये संपली.

२०२५ पासून पुन्हा उलटा फेरा आहे. सीमेवर पकडल्या जाणाऱ्यांची संख्या कित्येक दशकांत नव्हती इतकी कमी झाली, पण पकडल्यावर खटला व्हायची शक्यता वाढली. न्यू मेक्सिकोत सीमेलगतची पट्टी लष्करी क्षेत्र जाहीर करून, त्यात पाय ठेवल्याचा वेगळा गुन्हाही लावायला सुरुवात झाली. ही लष्करी जागा आहे हे त्या लोकांना माहीत होतं असं सिद्ध होत नाही म्हणून न्यायाधीशांनी असे बरेच आरोप काढून टाकले. पण तोवर माणूस कोठडीतच असतो. डंकीच्या प्रवासाला कित्येकदा महिनेच्या महिने जातात. घरून निघताना एक धोरण असतं, सीमेवर पोचेपर्यंत दुसरंच.

हे सगळं झालं पहिल्या वेळेचं. डिपोर्ट झालेल्या मुलाला लागू होतं ते कलम १३२६, आणि ते गंभीर गुन्ह्यात मोडतं. साधी शिक्षा २ वर्षांपर्यंत. आधीचे काही गुन्हे असतील तर १०, अतिगंभीर असतील तर २०. प्रत्यक्षात सरासरी शिक्षा वर्षभराच्या आसपास पडते, तीही केंद्रीय तुरुंगात. हे खटले सोयीच्या काळातही बंद पडत नाहीत, कारण सिद्ध करायला सोपे. आधी बाहेर काढलं होतं, परवानगी घेतली नाही आणि आता देशात सापडला, एवढंच दाखवायचं असतं. त्याचा पुरावा म्हणजे साड्यांखालचा तोच कागद. त्याची प्रत तिकडच्या फाइलमध्ये आहे आणि ठसा जुळवायला मिनिटं लागतात. सीमेवरून निसटला तरी सुटका नाही. चार वर्षांनी न्यू जर्सीत एखाद्या दुकानात काम करताना सापडला तरी हेच कलम लागतं.

पकडल्यावर देशाबाहेर काढण्याचा जुना हुकूम पुन्हा लागू होतो, त्यामुळे आश्रयाचा नेहमीचा अर्जही करता येत नाही. आणि डिपोर्ट झाल्यावर चोरून पुन्हा शिरलेल्याला कायमची बंदी बसते. दहा वर्षं देशाबाहेर काढल्याशिवाय माफीचा अर्जसुद्धा घेत नाहीत. उद्या अमेरिकन नागरिक असलेल्या मुलीशी लग्न झालं तरी ही भिंत मध्ये उभी राहते.

ब्रिटन

इथे कागदावरचा कायदा जास्त कडक दिसतो. २८ जून २०२२ पासून परवानगीशिवाय नुसतं येऊन पोचणं हाच गुन्हा आहे, ४ वर्षांपर्यंत कैद. पण छोट्या बोटींतून येणाऱ्या हजारोंपैकी खटला होतो तो थोड्यांवर. ते कोण? बऱ्याचदा ज्याच्या हातात बोटीचं सुकाणू होतं तो. पैसे कमी पडले की 'बोट तू धर, भाड्यात सूट देतो' असं सांगितलं जातं. त्या मुलावर मग दुसऱ्यांना आणल्याचाही आरोप लागू शकतो, आणि त्याची कमाल शिक्षा जन्मठेप आहे. आपला मुलगा कामसू आहे, धीट आहे, इंजिन कळतं, ही इथे धोक्याची गोष्ट ठरते.

शिवाय ब्रिटनने भारताला 'सुरक्षित देशां'च्या यादीत टाकलं आहे. भारतीयाचा आश्रयाचा अर्ज सहसा मंजूर होत नाही. युरोपात शिरायला वापरली जाणारी, सर्बियाला व्हिसाशिवाय जायची सोयही १ जानेवारी २०२३ ला बंद झाली. म्हणजे तुरुंगाची शक्यता अमेरिकेतल्या दुसऱ्या खेपेपेक्षा कमी, पण तिथे राहायला मिळण्याची शक्यताही तितकीच बारीक.

थांबणं

यात रोमांच नाही आणि कर्ज डोक्यावर असतं, हे मला ठाऊक आहे. जमीन विकलेल्या बापाला 'थांबा' म्हणताना जीभ जड होते. पण तिन्हींत खटला नसलेला हा एकच रस्ता. सीमेवरून झटपट काढलेल्यांच्या फॉर्मवर सहसा ५ वर्षांच्या चौकटीत खूण असते. त्यांना मुदतीआधीही 'आय-२१२' या अर्जाने परवानगी मागता येते. मिळेलच असं नाही, पण मागायचा हक्क शाबूत असतो. चोरून एकदा पुन्हा शिरलात की तोही वर्षानुवर्षं गोठतो. तिथे वर्षाहून जास्त काळ विनापरवाना राहिला असेल किंवा खोटे कागद दाखवले असतील तर वेगळी बंदीही असू शकते, म्हणून सगळे कागद जाणकार वकिलाला दाखवा. जिवाला खरीच भीती असलेल्याने तर हे आधी करावं. निर्वासितांच्या १९५१ च्या करारात अशांना बेकायदा प्रवेशाच्या शिक्षेपासून संरक्षण आहे, पण त्याच्या अटी काटेकोर आहेत.

त्या घरी आम्ही चौघे जेवणाच्या टेबलाशी बसलो. खूण ५ च्या चौकटीत होती. आईने भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि मागच्या पानावर पेनाने लिहिलं: फेब्रुवारी २०३०. फोन पुन्हा वाजला. या वेळी तो मुलाने स्वतः उचलला आणि 'नाही' म्हणून ठेवला.