कर्ज थकलंय: बँकेची समिती, डीआरटी, एनसीएलटी की तडजोड?

वाळूजमधलं सुट्या भागांचं वर्कशॉप असो, जालन्याची रोलिंग मिल असो की लातूरची डाळमिल, हप्ते तुंबले की पहिला सल्ला मिळतो तो ‘मोठा वकील बघा’ हाच. वकील लागेलच, पण त्याआधी तीन गोष्टी कागदावर मांडा. धंदा मालकीचा, भागीदारीचा की कंपनीचा? पैसे बँकेचे की पतसंस्थेचे? आणि हप्ता चुकून किती दिवस झाले? कोणतं दार उघडं आहे ते यावरूनच ठरतं.

90 दिवस उलटले नसतील, म्हणजे खातं अजून एनपीए (बँकेच्या लेखी थकीत कर्ज) झालेलं नसेल, तर वकिलाच्या आधी सीएकडे जा. उद्यम नोंदणी असलेल्या आणि 25 कोटींपर्यंत कर्ज असलेल्या उद्योगांसाठी रिझर्व्ह बँकेची 2016 पासूनची पुनरुज्जीवनाची चौकट आहे. त्यात बँकेच्या समितीपुढे उद्योजक स्वतः अर्ज करू शकतो, आणि तिथे वजन असतं ते खरीखुरी ऑर्डरबुकं आणि पुढचा रोख हिशेब यांना. ही चौकट बँकांना बंधनकारक आहे, असं सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये ‘प्रो निट्स’ प्रकरणात म्हटलं. मात्र आपण एमएसएमई (सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग) आहोत हे वेळेत, पुराव्यासह सांगण्याची जबाबदारी उद्योजकाचीही आहे, हेही त्याच निकालात आहे. माझ्या मते सगळ्यांत स्वस्त वाट हीच, आणि सगळ्यांत कमी वापरली जाणारीही.

सरफेसी म्हणजे कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा बँकांचा कायदा. त्याच्या कलम 13(2) ची नोटीस आली असेल तर चित्र बदलतं. भरण्यासाठी 60 दिवस मिळतात. त्या मुदतीत मुद्देसूद लेखी हरकत द्या. बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बँकेने ताब्याची कारवाई केली, तर तिच्यापासून 45 दिवसांत डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, अर्ज. डीआरटी संभाजीनगरातच आहे, मुंबई गाठावी लागत नाही. तालुक्याच्या दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम आणून देतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा, कारण या कायद्याने दिवाणी कोर्टाला तो अधिकार ठेवलेला नाही. तारणात शेतजमीन असेल तर वकिलाला ते आधी सांगा. शेतजमिनीवरच्या तारणाला सरफेसी लागू होत नाही. एनए झालेला प्लॉट मात्र या सवलतीत बसत नाही. डीआरटीत वेळ मिळतो, कर्ज कमी होत नाही.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर यातलं बरंचसं लागू नाही. तिथे सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला येतो, आणि त्याविरुद्ध पुनरीक्षणाला (वरच्या अधिकाऱ्याकडे फेरतपासणीला) जायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणून दाखला निघण्याआधीच्या सुनावणीलाच हजर राहा, आणि सहकाराची कामं करणारा स्थानिक वकील घ्या.

एनसीएलटीचं, म्हणजे कंपन्यांची दिवाळखोरी प्रकरणं चालवणाऱ्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचं, नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, पण ते दार कंपनी आणि एलएलपीसाठी. आपल्याकडच्या बहुतेक आडत्यांना, जिनिंगवाल्यांना, मालकी किंवा भागीदारीच्या पेढ्यांना ते नाही. कंपनी असेल तर दोन प्रकार. नेहमीच्या प्रक्रियेत थकबाकी किमान 1 कोटी लागते आणि कारभार संचालकांच्या हातून दिवाळखोरी प्रक्रिया चालवणाऱ्या नेमलेल्या व्यावसायिकाकडे जातो. 2021 मध्ये आलेल्या प्री-पॅकमध्ये (आधीच ठरवलेल्या तोडग्यावर चालणारी प्रक्रिया) 10 लाखांची थकबाकी पुरते, मुदत 120 दिवसांची, आणि कारखाना तुमच्याच ताब्यात राहतो. पण बँकांची संमती आधी जमवावी लागते. सुनावणी मुंबईत, त्यामुळे खर्चाचा अंदाज लेखी घ्या. आणि हे विचारल्याशिवाय वकीलपत्रावर सही करू नका: माझ्या वैयक्तिक हमीचं काय? कंपनीला मिळालेली स्थगिती हमीदाराला वाचवत नाही. कारखाना सुटला आणि घर गेलं, असं होऊ शकतं.

राहिली ओटीएस, म्हणजे बँकेशी एकरकमी तडजोड. तो हक्क नाही, बँकेची मर्जी आहे. हातात एकरकमी पैसा, विकता येणारा प्लॉट किंवा मदत करणारा भाऊ असेल तरच बोलणी सुरू करा. लोकअदालतीत कोर्ट फी नाही, पण तिथला निवाडा अंतिम, अपील नाही. न झेपणारे हप्ते तिथे कबूल करू नका. धंदा पत्नीच्या किंवा आईच्या नावावर असेल (आपल्याकडे कागदोपत्री असतोच), तर उत्पन्न कितीही असलं तरी तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो.