सीएसीचं हिरवं स्टिकर: नागपूरच्या संग्राहकानं त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत का?

सीएसी ही अमेरिकन नाण्यांचा दर्जा फेरतपासून त्यांच्या प्लास्टिकच्या बंद डबीवर स्टिकर लावणारी तिथली कंपनी. मॉर्गन डॉलर, म्हणजे चांदीचा जुना अमेरिकन डॉलर, किंवा जुनं अमेरिकन सोन्याचं नाणं घेताय आणि पुढेमागे ते अमेरिकेतल्याच गिऱ्हाइकाला विकायचं आहे, तर मोजावेत, पण बेतानं. तेच नाणं उद्या इतवारीच्या सराफ्यात मोडायचं असेल तर स्टिकरपायी एक रुपयाही जास्त देऊ नये. तिथे २६.७३ ग्रॅमचा, ९० टक्के चांदीचा डॉलर म्हणजे साधारण २४ ग्रॅम शुद्ध चांदी, एवढाच हिशोब होतो. आणि ब्रिटिश अमदानीतल्या रुपयावर कुणी 'क्वालिटी स्टिकर' दाखवून भाव चढवत असेल, तर ते स्टिकर सीएसीचं नाही हे खुशाल समजा.

आधी हे स्टिकर आलं कुठून ते पाहू. पीसीजीएस १९८६ साली सुरू झाली, एनजीसी १९८७ साली. दोन्ही अमेरिकन कंपन्या नाण्याला १ ते ७० च्या शेल्डन मापावर ग्रेड, म्हणजे दर्जाचा आकडा, देऊन प्लास्टिकच्या स्लॅबमध्ये, म्हणजे बंद डबीत, ठेवतात. अडचण अशी की एकाच ग्रेडमध्ये बराच फरक मावतो. एमएस ६४ (एमएस म्हणजे 'मिंट स्टेट', न वापरलेलं नाणं) लिहिलेल्या दोन मॉर्गनपैकी एक ६५ च्या उंबरठ्यावर असतो, दुसरा ६३ मधून कसाबसा वर आलेला. त्यावर उपाय म्हणून जॉन अल्बानीज यांनी २००७ मध्ये सीएसी काढली. पीसीजीएस आणि एनजीसी या दोन्हींच्या उभारणीत त्यांचा हात होता, म्हणून बाजारानं त्यांच्या नजरेवर भरवसा ठेवला. सीएसी स्लॅब उघडत नाही. नाणं आपल्या ग्रेडमध्ये पक्कं बसत असेल तर हिरवं, होलोग्राम असलेलं लंबगोल स्टिकर लावते. वरच्या ग्रेडच्या लायकीचं वाटलं तर सोनेरी. ग्रेडच्या तळाशी रेंगाळणारं नाणं तसंच परत जातं, त्याच्यावर कसलीही खूण होत नाही.

ही शेवटची गोष्ट घेणाऱ्यानं नीट समजून घ्यावी. स्टिकर नसलेलं नाणं नापास झालेलं असेल किंवा कधी पाठवलंच गेलं नसेल, स्लॅबवरून ते कळत नाही. पण महागड्या अमेरिकन नाण्यांच्या बाबतीत तिथला खरेदीदार सरळ धरून चालतो की एव्हाना कुणीतरी पाठवून पाहिलंच असणार. त्यामुळे बिनस्टिकरच्या एमएस ६६ ला भाव कमी मिळतो, आणि घेतानाही तो कमी करूनच मागायला हवा. '१८८१ एस'सारखा (एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को टांकसाळ) ढिगानं मिळणारा मॉर्गन एमएस ६३ मध्ये घेताय? मग स्टिकरचा विचार सोडा, चांगली चमक असलेलं नाणं निवडा. स्टिकरला खरी किंमत येते ती जिथे एका ग्रेडच्या उडीनं भाव कितीतरी पटींनी वाढतो तिथे. सिल्व्हर ईगलसारखी आधुनिक नाणी या खेळात धरू नका. २०२३ पासून सीएसीचे स्वतःचे स्लॅबही निघतात, त्यांत ग्रेड देणारी आणि तपासणारी कंपनी एकच असते.

स्टिकर बनावट निघू शकतं आणि स्लॅबसुद्धा. म्हणून पैसे देण्याआधी स्लॅबवरचा सर्टिफिकेट नंबर पीसीजीएस किंवा एनजीसीच्या साइटवर टाका, मग तोच नंबर सीएसीच्या साइटवर. साल, टांकसाळ आणि ग्रेड तिन्ही जुळले म्हणून थांबू नका. फोटो असेल तर एखादी ठळक खूण धरून ताडून पाहा. नाण्यावरच्या लिबर्टीच्या चेहऱ्याच्या गालावरचा ओरखडा, काठाजवळचा टोनिंगचा (धातूचा रंग बदलल्याचा) डाग, असं काहीतरी. खरा नंबर खोट्या स्लॅबवर छापणं सोपं आहे, गालावरचा ओरखडा जुळवणं अवघड.

आता आपल्या नाण्यांचं. सीएसी भारतीय नाणी घेतच नाही. त्यातही १०० वर्षांवरचं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं, त्यामुळे पंचम जॉर्जचा १९१२ चा रुपया ग्रेडिंगसाठी म्हणून कुरिअरनं परदेशी धाडणं बेकायदेशीर आहे. परदेशातूनच स्लॅब होऊन आलेले रुपये बाजारात असतात, त्यांचा ग्रेड उपयोगाचा आहे. पण त्यावर दुकानदारानं किंवा ऑनलाइन विक्रेत्यानं चिकटवलेलं 'प्रीमियम', 'चॉइस' वगैरे स्टिकर हे विकणाऱ्याचं स्वतःचं मत. त्याच्यामागे कुणाची जबाबदारी नाही, पडताळायला नंबर नाही. नागपूरकर भोसल्यांच्या रुपयाला तर आकड्याचा ग्रेडही अपुरा पडतो. हातानं ठोकलेलं नाणं, ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे निम्मा मजकूर काठाबाहेर. तिथे टांकसाळीचं नाव आणि वर्ष किती उमटलंय यावर किंमत ठरते.

रुपयाच्या बाबतीत सगळ्यात मोठा धोका धुतलेल्या नाण्याचा. घराघरांतून सराफाकडे आलेली चांदी रिठ्यानं, चिंचेनं, नाहीतर पावडरनं उजळलेली असते, आणि नवखा माणूस त्या पांढऱ्या झळाळीलाच भुलतो. ओळखायची रीत सोपी आहे. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा, ट्यूबलाइट तर नक्कीच, कारण तिच्या पसरट उजेडात बारीक रेघा दडतात. टेबलावर एकच पिवळा बल्ब, नाण्यापासून हातभर अंतरावर. नाणं काठानं धरून सावकाश तिरपं करत फिरवा. मूळ चमक असेल तर उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे पृष्ठभागावर गोल फिरतात. घासलेल्या नाण्यावर उजेड एका जागी ठप्प होतो आणि एकाच दिशेला जाणाऱ्या केसाएवढ्या रेघा दिसतात. त्यानंतर ५ किंवा ७ पटीचं भिंग घ्या. व्हिक्टोरियाच्या रुपयावर गाल आणि कपड्यावरची नक्षी, जॉर्जच्या रुपयावर मुकुट आणि झग्यावरचा हत्ती पाहा. उंचवट्यावर राखाडी मळकटपणा असेल तर झीज आहे. अक्षरांच्या खाचांत जुना काळेपणा आणि मोकळ्या जागेत लख्ख पांढरेपणा, म्हणजे नाणं धुतलंय. वजन ११.६६ ग्रॅमच्या आसपास हवं. स्लॅबमधल्या नाण्याचं वजन करता येत नाही, पण बल्बची परीक्षा प्लास्टिकमधूनही होते, फक्त प्लास्टिकवरचे ओरखडे नाण्याचे समजू नका. स्लॅब हलवला की ते ओरखडे नाण्यापासून सुटे दिसतात.

नागपुरात राहणाऱ्यानं आणखी एक लक्षात घ्यावं. स्टिकर जे सांगतं, ते नाणं तपासलं त्या दिवसापुरतंच. स्लॅब हवाबंद नसतो. इथे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो आणि घरोघरी कूलर लागतो. खसच्या ओल्या हवेत चार महिने ठेवलेली चांदी स्लॅबमध्येही डागाळते, आणि असं डागाळलेलं नाणं स्टिकरसकट कमी भावात जातं. कूलरच्या खोलीतल्या कपाटात नाणी नकोत. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, निळे दाणे गुलाबी झाले की त्या बदला. स्लॅबबाहेरची नाणी मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटात तर मुळीच ठेवू नका. उष्णतेनं ते प्लास्टिक लवकर खराब होतं आणि चांदीवर हिरवट चिकट थर चढतो. मायलारच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटाला चार पैसे जास्त पडतात, ते द्या. थर नुकताच चढलेला असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये काचेच्या भांड्यात बुडवून, न चोळता, उघड्या खिडकीपाशी काढता येतो. खाली चांदी खाल्ली गेली असेल तर ती भरून येत नाही.