मुंबई ते ऑकलंड, इकॉनॉमी वर्गातून: गुडघ्यांच्या साक्षीने

माझी उंची पाच फूट अकरा इंच, वय त्रेसष्ट आणि डाव्या गुडघ्याचे दुखणे जुने. विमानप्रवासाच्या परीक्षणात सहसा न आढळणारी ही माहिती आरंभीच देतो, कारण पुढची निम्म्याहून अधिक मते या गुडघ्यानेच ठरवलेली आहेत. मुलगी ऑकलंडला स्थायिक झाल्यापासून आम्ही उभयता ठाण्याहून तिकडे तीनदा जाऊन आलो, तिन्ही वेळा इकॉनॉमी वर्गाने आणि दर खेपेस वेगळ्या मार्गाने. त्यांपैकी गेल्या फेब्रुवारीत सिंगापूर एअरलाइन्सने केलेला प्रवास हा या लेखाचा मुख्य विषय असून आधीच्या दोन खेपा केवळ तुलनेपुरत्या घेतल्या आहेत.

मुंबईहून ऑकलंडला थेट विमान नाही, त्यामुळे मध्ये कुठेतरी उतरावेच लागते. सिंगापूरमार्गे गेल्यास पहिला टप्पा सुमारे ३,९०० किलोमीटरचा, म्हणजे साडेपाच तासांचा, आणि दुसरा सुमारे ८,४०० किलोमीटरचा, म्हणजे दहा तासांचा पडतो. तिकीट काढताना आपण बहुधा एकूण भाडे पाहतो, फार तर मुंबईहून विमान किती वाजता सुटते ते पाहतो. पण खरी परीक्षा दुसऱ्या टप्प्यात असते. ठाण्याहून पुण्याला जाताना कोणीही आसनाची चिकित्सा करत बसत नाही, नागपूरला जायचे असले की मात्र खालचा बर्थ मिळाला का, हे आधी विचारतो. तोच न्याय येथेही लावावा असे तीन खेपांनंतर माझे मत झाले आहे.

घरापासून विमानतळापर्यंतच्या प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. नौपाड्याहून पूर्व द्रुतगती महामार्गाने विक्रोळी आणि तेथून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने सहार, हा मार्ग ठाणेकरांना पाठ आहे आणि पवईपाशी संध्याकाळी काय होते तेही ठाऊक आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून देशांतर्गत उड्डाणे सुरू झाली, त्यामुळे ऐरोली-बेलापूरच्या बाजूने परदेशी जाण्याची स्वप्ने आमच्या सोसायटीत पाहिली जात आहेत. आमचा प्रवास मात्र सहारहूनच झाला.

आता मूळ मुद्दा, म्हणजे खुर्ची. विमानाच्या माहितीपत्रकात 'सीट पिच' म्हणून जो आकडा असतो, तो गुडघ्यापुढची मोकळी जागा दाखवतो असा अनेकांचा समज असतो आणि माझाही होता. प्रत्यक्षात ते एका खुर्चीवरील ठरावीक बिंदूपासून पुढच्या खुर्चीवरील त्याच बिंदूपर्यंतचे अंतर असते आणि त्यात पाठीची जाडीही धरलेली असते. लांब पल्ल्याच्या इकॉनॉमीत हा आकडा साधारणपणे ३१ किंवा ३२ इंच असतो. एका इंचाने काय फरक पडतो, असे वाटणाऱ्याने पुढचा प्रवासी पाठ मागे झुकवतो त्या क्षणी माझ्या शेजारी बसून पाहावे. रुंदीचा हिशेब याहून सोपा आहे: एका रांगेत किती खुर्च्या बसवल्या आहेत ते मोजायचे. बोइंग ७७७ मध्ये पूर्वी बहुतेक ठिकाणी एका रांगेत नऊ खुर्च्या असत, आता अनेक कंपन्यांनी त्याच जागेत दहा बसवल्या आहेत आणि खुर्ची सुमारे १७ इंचांवर आली आहे. बोइंग ७८७ मध्ये नऊ खुर्च्या बसवल्या तरी रुंदी तेवढीच राहते. जपान एअरलाइन्सने मात्र याच विमानात २-४-२ अशी आठांची मांडणी ठेवली, ही दुर्मीळ माणुसकी म्हणावी लागेल. एअरबस ए३५० मध्ये नऊंची रांग असून खुर्ची सुमारे १८ इंच रुंद मिळते.

या खेपेस आम्हाला दोन्ही टप्प्यांवर ए३५० मिळाले. बसल्यावर माझ्या गुडघ्यापुढे चार बोटे जागा उरली, पुढच्या सद्गृहस्थांनी पाठ झुकवल्यावर ती दोन बोटांवर आली, पण गुडघा टेकला नाही. खांद्याला खांदा घासला नाही. आणखी एक गोष्ट जाणवली ती अशी की, ऑकलंडला उतरल्यावर नेहमीचे डोके जड होणे या वेळी बरेच कमी होते. ए३५० आणि ७८७ या नव्या विमानांत केबिनमधील हवेचा दाब सुमारे ६,००० फूट उंचीवर असतो तितका राखला जातो, जुन्या विमानांत तो ८,००० फुटांच्या आसपासचा असतो. आपल्या भाषेत सांगायचे तर एकीकडे कळसूबाईच्या शिखराहून थोडे वर बसल्यासारखे आणि दुसरीकडे सिमल्याहूनही वर. दहा तास बसून राहायचे असेल तर हा फरक अंगाला कळतो. पायांत गोळे येऊ नयेत आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका कमी व्हावा म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने मी घट्ट मोजे घातले होते आणि दर दोन तासांनी मागच्या स्वयंपाकघरापर्यंत चक्कर मारत होतो; तेथील कर्मचाऱ्यांनी एकदाही कपाळाला आठी घातली नाही, उलट पाण्याचा पेला पुढे केला.

जेवणाबद्दल सौभाग्यवतींचे मत माझ्याहून उदार आहे. विशेष जेवण किमान २४ तास आधी नोंदवावे लागते आणि त्यातील 'एशियन व्हेजिटेरियन' हा प्रकार आपल्या माणसांना सर्वांत मानवतो. जैन जेवण वेगळे मागता येते. भात, डाळ, पनीरची भाजी आणि दही, असे ताट आले. वरण थोडे अळणी लागले, पण त्याचा सर्वस्वी दोष स्वयंपाक्याला देता येणार नाही, कारण केबिनमधल्या कोरड्या हवेत आणि कमी दाबात खारट व गोड चव मुळातच मंद जाणवते. गंमत अशी की विशेष जेवण इतरांच्या आधी येते, त्यामुळे आपण जेवून उठण्याच्या बेतात असताना शेजाऱ्याचे ताट येत असते आणि मग रिकामे ताट मांडीवरच्या फळीवर घेऊन, उठता न येता, अर्धा तास सत्यनारायणाच्या पूजेला बसल्यासारखे बसावे लागते. हा अनुभव मला प्रत्येक कंपनीच्या विमानात आला आहे.

सिंगापूरला आम्ही सकाळी साडेसातच्या सुमारास उतरलो आणि पुढचे विमान संध्याकाळचे होते. तासाभरात पुढचे विमान पकडता येईल अशीही जोडणी उपलब्ध होती. ती मी मुद्दाम टाळली, कारण रात्री एक वाजता जेवण आणि पहाटे चहा या गडबडीत पहिल्या टप्प्यावर तीन तासही झोप होत नाही आणि त्यावर लगेच दहा तासांची बैठक आमच्या वयाला झेपत नाही. चांगी विमानतळावर पाठ टेकायला आरामखुर्च्या फुकट आहेत, टर्मिनल ३ मध्ये फुलपाखरांची बाग आहे, आणि तासांच्या हिशेबाने भाड्याने मिळणारी खोली आत राहूनच घेता येते. आम्ही सहा तासांची खोली घेतली; या संपूर्ण प्रवासातला हा सर्वांत शहाणपणाचा खर्च. २०१९ मध्ये खुले झालेले ज्युएल हे विमानतळाला लागून असलेले दुकानांचे संकुल आणि त्यातील ४० मीटर उंचीचा धबधबा पाहायचा तर खरे म्हणजे इमिग्रेशन पार करून बाहेर जावे लागते, पण टर्मिनलांना जोडणारी स्कायट्रेन ज्युएलच्या पोटातून जाते आणि बाहेर न पडताही धबधबा डब्यातून दिसतो. सौभाग्यवतींनी त्यासाठी दोन फेऱ्या मारल्या.

आता दुसरी बाजू. त्याआधीच्या खेपेस आम्ही पैसे वाचवण्यासाठी किफायतशीर विमान कंपन्यांची तिकिटे काढली होती. माणशी ३३ हजार रुपये वाचले, याचा आनंद चेक-इनच्या रांगेपर्यंत टिकला. दोन टप्प्यांची तिकिटे वेगवेगळी असल्याने सामान थेट ऑकलंडपर्यंत गेले नाही; मधल्या शहरात ते उतरवून घेऊन, बाहेर पडून, पुन्हा रांगेत उभे राहावे लागले, आणि बाहेर पडायचे म्हणजे त्या देशाचा व्हिसाही आधी काढावा लागला. हातातल्या सामानाची मर्यादा सात किलो होती आणि विमानाच्या दारापाशी ते पुन्हा तोलले गेले, तेव्हा स्वेटर अंगावर चढवून आणि पुस्तके खिशात कोंबून वजन जुळवण्याची नामुष्की ओढवली. पांघरूण विकत, जेवण विकत, पाणीही विकत. पहिल्या टप्प्याला तीन तास उशीर झाला असता तर पुढचे विमान चुकले असते आणि वेगळ्या तिकिटामुळे दुसऱ्या कंपनीवर त्याची जबाबदारी आली नसती, हा विचार मला त्या रात्री झोपू देईना. उशीर झाला नाही, हे आमचे नशीब. चार-पाच तासांच्या सहलीसाठी, क्वालालंपूर किंवा बँकॉकसाठी, पाठीवर एक पिशवी टाकून जाणाऱ्या तरुणांनी अशी तिकिटे जरूर घ्यावीत. पॅसिफिकपर्यंतच्या प्रवासाला ती घेऊ नयेत.

पॉवर बँकेबाबत एक सूचना. ती चेक-इनच्या सामानात चालत नाही, हातातल्या पिशवीतच ठेवावी लागते, आणि आशियातील अनेक कंपन्यांनी २०२५ पासून विमानात तिचा वापरही बंद केला आहे. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून ही बंदी घातली. खुर्चीच्या सॉकेटवर फोन भारित होतो, तेव्हा साधी वायर जवळ असली म्हणजे पुरे.

ऑकलंडला उतरताना भरायच्या घोषणापत्राकडेही दुर्लक्ष करू नये. खाण्याचा पदार्थ असूनही जाहीर केला नाही, तर तिथल्या तिथे ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होतो. आम्ही गोडा मसाला, मेतकूट, चकल्या आणि मुलीसाठी घेतलेली महाबळेश्वरच्या मधाची बाटली असे सगळे लिहून दिले. अधिकारीबाईंनी मसाल्याचे सीलबंद पाकीट उलटसुलट पाहून परत केले, चकलीला हसून परवानगी दिली आणि मध शांतपणे काढून घेतला, कारण त्या देशात मधमाश्यांपासून मिळणारे पदार्थ बाहेरून आणू देत नाहीत. दंड झाला नाही, कारण जाहीर केले होते.

सिंगापूरमार्गे जाण्यायेण्याचे भाडे माणशी १ लाख ४ हजार रुपये पडले आणि ते मला योग्य वाटले. तथापि कंपनीचे नाव पाहून डोळे मिटून पैसे द्यावेत असे मी सुचवणार नाही, कारण एकाच कंपनीची एकाच मार्गावर निरनिराळी विमाने असू शकतात. तिकीट निश्चित करण्यापूर्वी दुसऱ्या टप्प्याचे विमान कोणते आहे ते वाचावे, आसनांचा नकाशा उघडून रांगेत किती खुर्च्या आहेत ते मोजावे, शेवटची रांग टाळावी, कारण तिथे पाठ झुकत नाही, आणि भिंतीलगतची पहिली रांग पायांना मोकळी दिसली तरी तिथे तान्ह्या मुलांचे पाळणे लावतात हे लक्षात ठेवावे.

आम्ही तीन खुर्च्यांच्या ओळीत खिडकीची आणि मार्गिकेलगतची जागा घेतो, मधली सहसा कोणी निवडत नाही आणि रिकामी राहिली तर तिघांची जागा दोघांना मिळते. पहिल्या टप्प्यावर ही युक्ती फळली. दुसऱ्या टप्प्यावर दार बंद व्हायच्या बेतात एक धिप्पाड तरुण धापा टाकत आला, आम्हा दोघांच्या मधोमध बसला, आणि आम्ही नवरा-बायको आहोत हे कळताच अतिशय नम्रपणे म्हणाला, "काका, तुम्हाला एकत्र बसायचे असेल तर मी खिडकीत जातो." आम्हाला नाही म्हणता आले नाही. पुढचे दहा तास मधल्या खुर्चीवर मी होतो.