नागपुरात शाळा निवडताना: महाधर्मप्रांताची, सिस्टर्सची की नुसती नावाची कॉन्व्हेंट?

नागपुरात ‘कॉन्व्हेंट’ अशी पाटी लावायला चर्च लागत नाही. गल्लीतल्या केजीलाही लोक कॉन्व्हेंटच म्हणतात. म्हणून दोन आया, दोन बाबा किंवा ट्रान्स पालक असलेल्या घराने आधी फीच्या पावतीवर संस्थेचे नाव वाचावे. त्यावरून कळते की शाळा महाधर्मप्रांताची (म्हणजे कॅथलिक आर्चबिशपांच्या अखत्यारीतली) आहे, एखाद्या धर्मसंघाची (सिस्टर्स किंवा फादर्सची) आहे, की खासगी संस्थेची. १८६२ची बिशप कॉटन शाळा यांपैकी कशातच बसत नाही. ती चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, म्हणजे प्रोटेस्टंट. पोप काय म्हणाले याच्याशी तिचा संबंध नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर खासगी कॉन्व्हेंट सोपी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेता येत नाही. घेतली तर पहिल्यांदा २५ हजारांपर्यंत आणि पुढे दर वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. कॅथलिक शाळा अल्पसंख्याक संस्था असतात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ६ मे २०१४च्या प्रमती निकालाने त्या या कायद्याबाहेर गेल्या. २५ टक्क्यांच्या मोफत जागा तिथे मिळत नाहीत आणि मुलाखतीची बंदीही लागू नाही. ‘पेरेंट इंटरॅक्शन’ नावाची जी दहा मिनिटे असतात, त्यातच तुमचे बरेचसे ठरते.

मूल ट्रान्स असेल तर चित्र बदलते. २०१९च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याने शाळेतला भेदभाव निषिद्ध केला आहे. प्रत्येक संस्थेने तक्रार अधिकारी नेमावा, असेही त्यात आहे. तो कोण, हे तिन्ही प्रकारच्या शाळांत विचारा. नाव चटकन सांगता आले नाही तर काय समजायचे ते समजा. समलिंगी पालकांना असे कवच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८च्या निकालाने समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला, पण १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात विवाहाचा हक्क मिळाला नाही आणि जोडीने दत्तक घेण्याची वाटही उघडली नाही. दत्तक मूल एकाच्याच नावावर असते. दुसऱ्या आईला शाळेने ओळखलेच पाहिजे, असे सांगणारे कलम आज दाखवता येत नाही. तिथे शाळेच्या मनावर सोडावे लागते.

मग ते मन कोणाचे? महाधर्मप्रांताच्या शाळेत मोठा निर्णय आर्चबिशपांच्या कार्यालयापर्यंत जातो. प्राचार्य फादर मोकळे असले तरी ‘वर विचारून सांगतो’ हे उत्तर ठरलेले. धर्मसंघाच्या शाळेत प्रांताधिकारी सिस्टर आणि प्राचार्य मिळून बरेच काही निभावून नेतात, शिवाय अनेक संघांना समाजकार्याची सवय असते. खोट एवढीच की संघातल्या सिस्टरची बदली कधीही होते, आणि नव्या सिस्टरना जुने बोलणे माहीत नसते. तरीही घर समलिंगी जोडप्याचे असेल आणि चर्चची शाळाच हवी असेल, तर आमचा कौल धर्मसंघाच्या शाळेला. मूल ट्रान्स असेल तर मात्र फक्त मुलींची किंवा फक्त मुलांची शाळा टाळलेली बरी, मग नाव कितीही मोठे असो. गणवेश, स्वच्छतागृह, क्रीडास्पर्धेतले गट, सगळीकडे तोच अडथळा पुन्हा उभा राहतो.

कॅथलिक चर्चची भूमिका दोन्ही बाजूंना हात देते. व्हॅटिकनच्या २०२४च्या ‘डिग्निटास इन्फिनिटा’ या दस्तऐवजात लिंगभाव-सिद्धांतावर (जेंडर थिअरीवर) आणि सरोगसीवर कडक टीका आहे. उलट कॅथलिक धर्मशिक्षणाच्या २३५८व्या परिच्छेदात समलिंगी व्यक्तींशी आदराने, करुणेने वागा, अन्याय्य भेदभाव टाळा, असे लिहिले आहे. (समलिंगी संबंधांना मान्यता नाही, हेही त्याच ग्रंथात आहे.) ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने समलिंगी जोडप्याच्या मुलालाही बाप्तिस्मा देता येतो असे कळवले, अट एवढीच की मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी सबळ आशा हवी. कुटुंब कॅथलिक असेल आणि शाळा बाप्तिस्म्याचा दाखला मागत असेल, तर हा मुद्दा धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) फादरांशी आधी बोलून घ्या, मुलाखतीत काढू नका. बिगरख्रिस्ती घरांनी या वादात पडूच नये. त्यांच्या मुलांना मूल्यशिक्षणाचा तास असतो. तिथे ‘माझे कुटुंब’ हा विषय कसा घेतात, एवढे विचारणे पुरे.

खरी घसरण फॉर्मवर होते. ऑनलाइन फॉर्म वडिलांचे नाव भरल्याशिवाय पुढे सरकत नाही, म्हणून लोक आजोबांचे किंवा जोडीदाराचे नाव टाकून मोकळे होतात. तेच नाव जनरल रजिस्टरमध्ये चढते, तिथून यूडायसवर (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) जाते आणि दहावीच्या फॉर्मला जन्मदाखल्याशी जुळत नाही. रजिस्टरमधली दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय होत नाही, आणि शाळा सोडल्याचा दाखला निघाल्यावर तर फारच जिकिरीची. त्यापेक्षा कागदी फॉर्म मागून घ्या, रकान्यात ‘लागू नाही’ लिहा आणि जन्मदाखला जोडा. अविवाहित आईला वडिलांचे नाव न देता प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला मिळावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा ६ जुलै २०१५चा निकाल आहे. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात वडिलांच्या नावाआधी आईचे नाव येते. ही मुले २०२७ मध्ये नर्सरीत येतील, तेव्हा शाळांचे फॉर्म बदललेले असावेत; जुनाच असला तर तिथेच दाखवून द्या.

दुसऱ्या जोडीदारासाठी कायदेशीर पालकाने नोटरी केलेले अधिकारपत्र द्यावे. त्यात मुलाला शाळेतून नेणे, पालकसभेला बसणे आणि अपघात झाल्यास दवाखान्यात नेणे हे तिन्ही वेगवेगळे लिहा. ‘सर्व कामांसाठी’ एवढ्यावर कार्यालयातला बाबू अडतो. एक प्रत वर्गशिक्षिकेकडे ठेवा आणि स्कूल व्हॅनच्या काकांना पिकअप कार्डावरचे नाव दाखवून ठेवा. दुपारी फाटकावर मूल त्यांच्याच हाती असते.

शहरात एलजीबीटी समुदायासाठी काम करणारी सारथी ट्रस्ट ही संस्था आहे. शाळेत जे तोंडी ठरेल ते त्याच संध्याकाळी प्राचार्यांना मेलवर कळवा: ‘आज ठरल्याप्रमाणे दोघींची नावे संपर्क यादीत घ्यावीत.’ उत्तरात नुसते ‘नोटेड’ आले तरी चालते. बदली झाल्यावर नव्या सिस्टरपुढे ठेवायला तेवढा कागद लागतो.