यूज केसपासून क्लास मॉडेलपर्यंत: प्लँटयूएमएल आणि यूएसई हंगामभर वापरल्यानंतर

देवगडमधील हापूस बागायतदारांच्या एका संस्थेसाठी, वाशीला जाणाऱ्या पेट्या आणि दलालाकडून येणाऱ्या पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या) यांचा हिशोब ठेवणारे सॉफ्टवेअर आम्ही गेल्या दिवाळीपासून तयार करत आहोत. यूज केस (वापरकर्ता सॉफ्टवेअरकडून एखादे काम कसे करून घेतो याचे वर्णन) मराठीत लिहून घेतले आणि त्यांवरून ऑब्जेक्ट-ओरिएंटेड मॉडेल (पेटी, पट्टी अशा गोष्टींचे क्लास म्हणजे साचे आणि त्यांचे संबंध) उभे करण्यासाठी दोन मोफत साधने निवडली: आकृत्यांसाठी प्लँटयूएमएल आणि नियम तपासण्यासाठी जर्मनीतील ब्रेमेन विद्यापीठात विकसित झालेले यूएसई.

प्लँटयूएमएलबद्दल थोडक्यात सांगता येईल. आकृती साध्या मजकुरातून तयार होते, त्यामुळे कोणी काय बदलले ते गिटमध्ये (फायलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ओळीगणिक दिसते. शिवाय सगळे काम आपल्याच संगणकावर होत असल्याने पावसाळ्यात नेट गेले तरी अडत नाही. सीक्वेन्स डायग्राम (कोण कोणाला कोणत्या क्रमाने संदेश देतो ते दाखवणाऱ्या आकृत्या) उत्तम येतात. क्लास डायग्रामची मांडणी मात्र ग्राफविझ हे आकृत्या मांडणारे साधन ठरवते, आणि क्लास वाढले की रेषांचा गुंता होतो. म्हणून आम्ही प्रत्येक यूज केससाठी वेगळी आकृती ठेवली.

खरा फायदा मधल्या टप्प्याने दिला. यूज केसमधली नामे उचलून थेट क्लास करण्याऐवजी आम्ही प्रत्येक वाक्य बाउंडरी (वापरकर्त्यासमोरचा पडदा), कंट्रोल (काम पार पाडणारा भाग) आणि एंटिटी (साठवलेली माहिती) या तीन प्रकारांत मांडले. वापरकर्त्याने केवळ बाउंडरीशी बोलायचे आणि बाउंडरीने एंटिटीला थेट हात लावायचा नाही, एवढ्या नियमानेही धूसर वाक्ये उघडी पडतात. ‘पट्टी नोंदवली की रक्कम खात्यात जमा होते’ हे वाक्य वाचायला निर्दोष आहे. पण गाडीभाडे आणि हमाली कोण वजा करणार आणि एका गाडीत अनेक बागायतदारांचा माल असेल तर ती कशी वाटली जाणार, हे त्यात कुठेच नाही.

यूएसईमध्ये क्लास, संबंध आणि ओसीएल या अटी मांडण्याच्या भाषेत अटी लिहून नमुन्याचे ऑब्जेक्ट (क्लासची प्रत्यक्ष उदाहरणे) तयार करता येतात, आणि कोणती अट मोडली ते लगेच कळते. ओसीएल 1997 पासून यूएमएल या आकृत्यांच्या प्रमाणित भाषेसोबत आहे, तरी प्रत्यक्ष कामात ती वापरणारे फार थोडे भेटतात, याचे वाईट वाटते. आमची पहिली अट होती: पट्टीतील विकलेल्या पेट्या पाठवलेल्या पेट्यांपेक्षा जास्त नसाव्यात. मग 40 पेट्यांची एक पाठवणी आणि तिच्यावर 25 व 18 पेट्यांच्या दोन पट्ट्या, असा नमुना तयार केला. प्रत्येक पट्टी अटीत बसली, बेरीज मात्र 43 झाली. तेव्हा अट पट्टीवरून काढून पाठवणीवर न्यावी लागली आणि खराब निघालेल्या पेट्यांसाठी वेगळा क्लास आला. येथे एक बारकावा जपावा: ओसीएलमध्ये संचावर कलेक्ट केल्यास (प्रत्येक घटकातला आकडा गोळा केल्यास) बॅग, म्हणजे तोच आकडा पुन्हा येऊ देणारा समूह, मिळते, म्हणून दोन पट्ट्यांत पेट्यांचा आकडा सारखा असला तरी दोन्ही मोजल्या जातात; त्याच बॅगेचा सेट (प्रत्येक आकडा एकदाच ठेवणारा संच) केला तर त्यातला एक आकडा गळतो आणि चुकीची बेरीज अट पार करून जाते.

यूएसईचा इंटरफेस जुन्या वळणाचा आहे, आणि ओसीएलची सवय व्हायला नवख्या सहकाऱ्याला वेळ द्यावा लागतो. सर्वांत मोठी उणीव अशी की दोन्ही साधनांच्या फायली एकमेकींशी जोडलेल्या नाहीत. आम्ही कोणताही बदल आधी यूएसईत करतो, सगळे नमुने तपासतो आणि त्यानंतरच आकृती हाताने दुरुस्त करतो.