शाळेचा पर्जन्यमापक: चार तारे, पाचवा स्टँडनं खाल्ला

माण तालुक्यातल्या आमच्या शाळेसाठी हा प्लास्टिकचा पर्जन्यमापक ऑनलाइन मागवला. नळकांडं जाड, मिलिमीटरच्या खुणा ठळक. पण सोबतचा पत्र्याचा स्टँड पहिल्याच वळवाच्या वाऱ्यात वाकला. शेवटी बाभळीच्या मेढीला तारेनं आवळला. विक्रेत्याला दोनदा लिहिलं, उत्तर नाही.

रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्याच वेळेला, नववीतलं एक पोरगं नोंद करतं. २.५ मिमीच्या खाली पडला तर तो 'पावसाळी दिवस' धरत नाहीत, हे कळल्यापासून रिमझिमीला कुणी हिंग लावून विचारत नाही! १ मिमी म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर, हे फळ्यावर मांडलं तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, मग परवाचे ३८ मिमी गेले कुठं?" अख्खा तास त्यातच गेला. फुटका बांध, ओढा, चुलत्याची बोअर, सगळं निघालं. हिवरे बाजारात पाऊस मोजूनच पाण्याचा ताळेबंद मांडतात, तेही सांगितलं. हवामानबदलाच्या धड्याला इतके हात कधी वर झाले नव्हते.

घेणार असाल तर उघड्यावर लावा. आम्ही आधी लिंबाखाली लावला होता, आठवडाभराच्या नोंदी फुकट. आणि शेवाळ धरतं, बाटलीचा ब्रश ठेवा.