अकरा दिवसांत तिसरा डोळा: सोलापुरातल्या एका सिद्धी शिबिराचा अनुभव

मे महिन्याच्या सुट्टीत सोलापुरात एक ध्यान शिबिर केलं, त्याबद्दल लिहितेय. नाव टाकत नाहीये, कारण बहिणीला तिच्या पोरीचा विषय चारचौघांत नकोय आणि मी तिला तसा शब्द दिलाय. पण असली शिबिरं दर सुट्टीत लागतात, पॅम्प्लेट पेपरात घालून येतं, त्यामुळं नाव नसलं तरी वाचणाऱ्याला उपयोग होईल.

फी मोठ्यांना 6,500 आणि मुलांना 9,000. अकरा दिवस, सकाळी साडेसहा ते साडेआठ. पॅम्प्लेटवर अणिमा, महिमा, गरिमा, लघिमा, प्राप्ती, प्राकाम्य, ईशित्व, वशित्व अशी आठही सिद्धींची, म्हणजे योगातून मिळतात म्हणतात त्या शक्तींची, नावं ओळीनं छापलेली आणि खाली मोठ्या अक्षरात, मुलांसाठी तिसरा डोळा जागृती, डोळ्याला पट्टी बांधून वाचन, एकाग्रता दुप्पट.

मी गेले का ते आधी सांगते. मी एका टॉवेलच्या युनिटला अकाउंट्स बघते, दिवसभर खुर्चीत बसून पाठीची वाट लागली म्हणून नऊ वर्षांपूर्वी योग सुरू केला आणि तो सुटला नाही. आणि सिद्धी या विषयावर माझी श्रद्धा आहे, लपवत नाही. आमची आजी ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचायची, त्यात कुंडलिनी जागी झालेल्या योग्याचं वर्णन येतं, तो समुद्रापलीकडचं बघतो आणि "मनोगत वोळखे मुंगियेचें". मुंगीच्या मनात काय चाललंय ते त्याला कळतं. लहानपणी मी अंगणात मुंग्यांच्या रांगेजवळ बसून कान लावायचे. त्यामुळं पॅम्प्लेट बघून मला थट्टा सुचली नाही, खरंच वाटलं की बघावं. भाची पुण्याहून आलेली, अकरा वर्षांची, जरा बुजरी, बहीण म्हणाली तिलाही घाल, फोनपासून तरी लांब राहील. मग दोघी रोज सहाला स्कूटीवर. शेजारच्या मावशी गेटवर उभ्या राहून विचारायच्या, कुठं जालालाव ओ एवढ्या सकाळी, की भाची मोठ्या आवाजात सांगायची, तिसरा डोळा उघडायला.

चांगलं काय होतं ते आधी. हॉल स्वच्छ, दोन मोठे कूलर, वेळेला सुरू आणि वेळेला बंद. पहिले तीन दिवस एक ताई शिकवायच्या, त्यांचा हात खरंच चांगला, माझं अनुलोम विलोम इतकी वर्षं खांदे वर उचलून चाललेलं, त्यांनी पाठीमागून नुसती दोन बोटं टेकवली आणि खांदे खाली आले. भ्रामरीही, म्हणजे भुंग्यासारखा आवाज करत श्वास सोडायचा तो प्राणायाम, छान घेतली. त्या तीन दिवसांचे वेगळे पैसे घेतले असते तर मी आनंदानं दिले असते.

चौथ्या दिवशी सर आले आणि सगळा सूरच बदलला. 43 च्या उन्हाळ्यात बंद हॉलमध्ये जवळपास अर्धा तास जोरजोरात भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा भराभर श्वास. हाताला मुंग्या, ओठ बधिर, डोकं हलकं, आणि सर माइकवरून सांगतायत की हीच लघिमेची पहिली पायरी, शरीर हलकं होतंय ते अनुभवा. अहो इतका वेळ भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग मुंग्या येणार, गरगरणार, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. माझ्या बाजूच्या बाईंना चक्कर आली, त्यांना बीपी होतं, आणि फॉर्मवर बीपीचा रकानाच नव्हता! दोन तारे तर मी इथंच कापले.

मग त्राटक. तुपाचा दिवा, पापणी न हलवता बघायचं, पाणी आलं की डोळे मिटायचे. ही जुनी आणि चांगली क्रिया आहे, हठयोगाच्या षट्कर्मांतली, मी स्वतः करते. डोळे मिटल्यावर ज्योतीचा आकार बराच वेळ समोर राहतो, आधी उजळ, मग रंग बदलत जातो, कारण डोळ्याच्या पडद्याचा तेवढा भाग दमलेला असतो. कुणालाही दिसतो, बल्बकडे बघितलं तरी दिसतो. तिथं एक रिटायर्ड काका होते, त्यांना तो जांभळा ठिपका दिसला आणि सरांनी जाहीर केलं की यांचं आज्ञाचक्र, म्हणजे भुवयांमधला तिसरा डोळा, उघडलं, टाळ्या वाजवा. काकांच्या डोळ्यातून घळाघळा पाणी. घरी जाऊन बायकोला सांगितलं असणार त्यांनी. मला अजून तो चेहरा आठवला की पोटात कसंतरी होतं, त्या माणसाला कुणी नीट सांगायला हवं होतं की काका, हे पहिल्या दिवशी सगळ्यांना होतं, पुढं चाला.

आता शास्त्राचं. सर रोज पतंजलीची योगसूत्रं म्हणायचे, तिसरा पाद म्हणजे प्रकरण, विभूतिपाद. तो पाद मलाही आवडतो, त्यात खरंच सगळं आहे. एकाच विषयावर धारणा, ध्यान आणि समाधी लावली की त्याला संयम म्हणतात, हत्तीच्या बळावर संयम केला तर हत्तीचं बळ, कंठकूपावर, म्हणजे गळ्याच्या खळगीवर, केला तर तहानभूक शमते, शरीर आणि आकाशाच्या संबंधावर, कापसासारख्या हलकेपणावर केला तर आकाशगमन. सरांनी हे आकाशगमनाचं सूत्र फळ्यावर लिहिलं. पण त्याच पादात, त्या सूत्राच्या पाचच सूत्रं आधी, पतंजली सांगतात, "ते समाधावुपसर्गा व्युत्थाने सिद्धयः". म्हणजे या गोष्टी समाधीच्या वाटेतले अडथळे आहेत, मन बाहेर वळलेल्याला त्या सिद्धी वाटतात. ज्यानं यादी दिली त्यानंच मध्ये थांबून हे सांगितलंय, आणि पुढं तर म्हटलंय की त्यांच्याबद्दलही वैराग्य आलं तर कैवल्य, म्हणजे मोक्ष. मी हात वर करून विचारलं की सर हे सूत्र कधी घेणार. म्हणाले ते लेव्हल टूला. लेव्हल टू 15,000.

आणि अकरा दिवस हा आकडा आला कुठून? पहिल्या पादात सरळ लिहिलंय की अभ्यास दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदरानं केला तरच पक्का होतो. सोलापूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको खरं तर. आपल्या गावात बाराव्या शतकात सिद्धरामेश्वर होऊन गेले, ज्यांच्या नावातच सिद्ध आहे, आणि लोक त्यांचं काय सांगतात तर तळं खोदलं, अडुसष्ट लिंगं स्थापली, लोकांना कामाला लावलं. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, वेळी नंदीध्वज निघतात तेव्हा ती उंच जड काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलून चालणारी माणसं आठवडेच्या आठवडे आधीपासून सराव करतात, त्यातल्या कुणाला विचारा अकरा दिवसांत जमतं का.

पण हे सगळं मी सोडून दिलं असतं, पैसे गेले तर गेले म्हटलं असतं. लिहायला बसले ते भाचीमुळं.

मुलांची बॅच पडद्यापलीकडं व्हायची. सहाव्या दिवशी तिनं घरी येऊन सांगितलं, मावशी मला दिसायला लागलं. मला काय आनंद झाला! संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि ती ओट्याजवळ खुर्ची घेऊन बसली, डोळ्यावर त्यांनी दिलेली काळी पट्टी, आत कापसाच्या चकत्या, आणि हातात रंगाची कार्डं. लाल. हिरवा. पिवळा. सगळी बरोबर. मग शेंगाचटणीच्या पुडीवरचं नाव वाचलं, अक्षर न अक्षर बरोबर. मी तव्यावरची भाकरी विसरले, करपली. पण दुसऱ्यांदा करायला लावलं तेव्हा लक्षात आलं की ती हनुवटी थोडी वर उचलते आणि कार्ड दर वेळी मांडीकडं ओढून घेते. नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टी कधीच पूर्ण टेकत नाही, तिथं बोटभर फट राहते, खालचं सगळं दिसतं. मी काही न बोलता कार्ड तिच्या हातातून घेतलं आणि कपाळासमोर धरलं. ती गप्प. मी म्हटलं सावकाश बघ, घाई नाही. तरी गप्प. मग पट्टीच्या आतूनच रडायला लागली, कापूस भिजला.

म्हणाली, मावशी, खालनं दिसतं. मी विचारलं शिकवणाऱ्यांना माहितीय का. तर म्हणाली, त्यांनीच सांगितलं की सुरुवातीला असंच खालनं दिसतं, मग हळूहळू आतनं दिसायला लागतं, पण कुणाला सांगायचं नाही, सांगितलं की शक्ती जाते. आणि बाकीची सगळी मुलं वाचत होती, मलाच एकटीला येत नाही असं वाटायचं.

म्हणजे त्या पडद्यामागं बसलेलं प्रत्येक पोर हाच विचार करत असणार की बाकीच्यांना खरं दिसतंय, मी एकटंच खोटं बोलतंय. सहा दिवस ती हे पोटात घेऊन माझ्या शेजारी झोपत होती.

याचा मला जो राग आहे तो योग करणारी बाई म्हणून आहे. योगाच्या आठ अंगांत पहिलं अंग यम, म्हणजे वागण्याचे नियम, आणि यमांत अहिंसेनंतर लगेच सत्य. तिसऱ्या पादातली शक्ती मिळवायला तुम्ही पोराला पहिली पायरीच मोडायला शिकवता? आणि पतंजलींनी दुसऱ्या पादात सत्याचंही फळ दिलंय, सत्य ज्याच्यात पक्कं झालं त्याच्या बोलण्यातच क्रियेचं फळ येऊन राहतं. इतकी मोठी गोष्ट आहे ती, आणि अकरा वर्षांच्या मुलीला ती खरं बोलून शिकवता येते, पट्टी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सरांना भेटले. म्हणाले तुमच्या शंकेमुळं मुलीची ऊर्जा बंद झाली. मी म्हटलं माझ्यासमोर तुमच्या कुठल्याही मुलाला कार्ड कपाळासमोर धरून वाचून दाखवू दे, मी तुमच्या पाया पडते. नकार. उरलेल्या दिवसांचे पैसे मागितले, तेही नाही, पावतीच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेलं दाखवलं. महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं, फसवणं हा त्यात गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, पोलीस स्टेशनला दक्षता अधिकारी असतो. मी तक्रार केली नाही, कारण पोरीला जबाबाला उभं करावं लागलं असतं. दुसऱ्या कुणी करणार असेल तर माझी पावती आहे, देईन.

कुणी म्हणेल मग तुमच्या श्रद्धेचं काय. श्रद्धा आहे तशीच आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि नौली, उड्डियान या पोटाच्या क्रिया करताना शरीरात काय होतं ते एक्स-रे घेऊन, आतला दाब मोजून तपासलं आणि छापलं, स्वतः योगी असून. ही रीत मला भावते. आणि माझे भाऊजी इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवस करून आले, तिथं फी नाही, राहणं जेवण जुन्या साधकांच्या दानातून, आणि उजेड दिसला, अंगात लहर आली तरी त्याच्या मागं जाऊ नका असंच सांगतात. दोन्हीकडं कुणी पोराकडून कार्ड वाचून घेत नाही.

रेटिंग पाचपैकी एक, तोही त्या भ्रामरीवाल्या ताईंचा. त्या तीन दिवसांनंतर दिसल्याच नाहीत, कुठं स्वतंत्र क्लास घेत असतील तर मला कळवा, मी जाईन.

भाची सुट्टीभर राहिली. आम्ही सकाळी तळ्याकाठी जाऊन बसायचो, दहा मिनिटं डोळे मिटून. काय दिसतं विचारलं की सांगायची, काही नाही, घंटा ऐकू येते आणि तुझा श्वास. मी म्हटलं बरोबर आहे.

पुढची बॅच दिवाळीच्या सुट्टीत आहे, मेसेज कालच आला. डेमोला जाणार असाल तर दोन गोष्टी करा, त्यांची पट्टी वापरू नका आणि कार्ड पोराच्या हातात देऊ नका, कपाळासमोर तुम्ही धरा. माझ्याकडं पोहण्याचा गॉगल आहे, आतनं काळी टेप लावलेला, त्यातनं खरंच काही दिसत नाही. कुणाला हवा असेल तर येऊन घेऊन जा.